बाबांचे बूट, इनसोल आणि चालणं : पार्किन्सन्स, न्यूरोपथी (नसा निकामी होऊन पाय बधिर होणं), लकवा ज्यांच्या घरी आहे त्यांचे अनुभव हवेत

निशिगंध | ३ जून, रात्री ९:४०

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितेच.

बाबा ७२ वर्षांचे. १८ वर्षांपासून मधुमेह, ६ वर्षांपासून पार्किन्सन्स. हात फारसा थरथरत नाही, सगळा आजार जणू पायात उतरलाय. पावलं आखूड पडतात, चवडा फरशीला घासतो, वळताना पाय खिळल्यासारखे होतात. सगळ्यात वाईट जागा म्हणजे बाथरूमचा उंबरा. तिथे येऊन दोन-दोन मिनिटं नुसते उभे राहतात. वर्षभरात दोनदा पडले.

मार्चमध्ये नात्यातल्या एकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात पाठवली. टोचऱ्या उंचवट्यांचे इनसोल, म्हणजे बुटाच्या आत घालायचे तळ. तळव्याच्या नसा जाग्या होतात, तोल सुधारतो, पार्किन्सन्स, लकवा, गुडघेदुखी सगळ्यांवर चालतं, असं लिहिलं होतं. १४०० रुपये देऊन मी मागवले. बाबांनी हौसेने घातले. पहिले चार दिवस त्यांचं चालणं सुधारल्यासारखं वाटलं, आम्ही सगळेच खूश होतो.

नवव्या दिवशी संध्याकाळी मी त्यांचे मोजे काढत होते. उजवा मोजा निघेना. पाणी लावून हळूहळू सोडवला, तर अंगठ्याच्या बुडाशी, चवड्यावर, रुपयाच्या नाण्याएवढा फोड फुटून मोज्याला चिकटलेला. बाबा सोफ्यावर बसून बातम्या बघत होते. मी विचारलं, "बाबा, हे दुखलं नाही?" तर पाय उचलून बघत म्हणाले, "कुठे काय झालंय?"

ती जखम भरायला सात आठवडे गेले. डॉक्टरांनी नायलॉनचा एक जाड केसासारखा तंतू तळव्यावर टेकवून तपासलं. दहा जागांपैकी सहा ठिकाणी बाबांना काहीच कळलं नाही. इतकी वर्षं मी त्यांची साखर लिहून ठेवतेय, पण तळव्याला जमीन कळते का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आता प्रश्न असा आहे. इनसोलचा चालण्याला खरंच उपयोग असतो का? कोणाला, कुठल्या प्रकारचा? बाबांना पुन्हा काही घालायचं म्हटलं की माझा हात थरथरतो. पण ते पुन्हा पडले तर, याचीही भीती आहेच. ज्यांनी घरी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

पाऊलवाट | ३ जून, रात्री ११:१५

निशिगंध, मी नाशिकला न्यूरो-फिजिओथेरपी करते. तुमच्या बाबांसारखे, दोन्ही आजार असलेले बरेच पेशंट माझ्याकडे येतात, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी तळव्याबद्दल. आपण उभे असतो तेव्हा मेंदूला तोलाची खबर तीन ठिकाणांहून येते. डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळवे-घोटे. तळव्याच्या कातडीत चार प्रकारचे संवेदनग्राही असतात. कोणी हलका स्पर्श टिपतं, कोणी टिकून राहिलेला दाब, कोणी कातडीचा ताण, कोणी कंप. वजन टाचेवरून चवड्यावर कधी सरकलं हे मेंदूला त्यांच्यामुळे कळतं. ही खबर बंद झाली की माणूस डोळ्यांनी चालायला लागतो, सतत खाली बघत. अशा पेशंटला मी पहिला प्रश्न विचारते : तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जातो का? अंधारात बाथरूमला जाताना भिंत धरावी लागते का? "हो" म्हणाले की मला अर्धं निदान तिथेच मिळतं. पाय जुळवून डोळे मिटायला लावायची जी तपासणी आहे ती १९व्या शतकातल्या बर्लिनच्या रोमबर्ग या डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यामागेही हेच तत्त्व आहे.

आता उंचवट्यांचे इनसोल. त्यामागची कल्पना खोटी नाही. तळव्याला थोडी जास्त टोचणी मिळाली तर खबर ठळक होते, असा विचार आहे, आणि पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा एक आजार), लकवा या सगळ्यांत त्यावर अभ्यास झालेत. निकाल मात्र एकसारखे नाहीत. कुठे तोल किंचित सुधारला, कुठे काहीच फरक पडला नाही. मुख्य म्हणजे यातले बरेच अभ्यास ज्यांच्या तळव्याला बऱ्यापैकी कळतं अशा लोकांवर असतात, देखरेखीखाली असतात, आणि त्यातले उंचवटे छोटे, बोथट असतात. जाहिरातीतलं ते काटेरी प्लास्टिक म्हणजे वेगळीच वस्तू.

तो नायलॉनचा तंतू १० ग्रॅमचा दाब पडला की वाकतो. तेवढा दाब जिथे कळत नाही तिथे पायाचं नैसर्गिक संरक्षण गेलं असं आम्ही धरतो. तिथे टोचणी म्हणजे सरळ जखमेला आमंत्रण. बधिर पायात अ‍ॅक्युप्रेशरची चप्पल, खडे भरलेले इनसोल, गरम पाण्याचा शेक यातलं काहीही नको.

पार्किन्सन्सचं गणित वेगळं आहे. तिथे तळव्याकडून खबर निघते, पण मेंदूच्या आतल्या ज्या भागाने "टाच, चवडा, टाच, चवडा" हे आपोआप चालवायचं, तो भाग ते काम सोडतो. म्हणून जमिनीवर आडवी रेघ दिसली, कोणी ताल दिला, आकडे मोजले, की अडलेला पाय सुटतो. चालणं आपोआपच्या रस्त्यावरून काढून लक्ष देऊन करायच्या रस्त्यावर नेलं, असं समजा. तो उंबरा बाबांसाठी अवघड आहे यात नवल नाही. अरुंद जागा, दार आणि वळण, ही पाय खिळण्याची नेहमीची ठिकाणं आहेत.

तुमच्या घरी खरी अडचण दोन्ही एकत्र असण्याची आहे. बधिर पायाला मऊ गादी हवी, नाहीतर जखम होते. पण जाड, मऊ गादीवर उभं राहिलं की तोल आणखी बिघडतो. जाड मऊ तळाच्या बुटात वयस्कर माणसं जास्त डगमगतात हे तपासून सिद्ध झालेलं आहे. दुकानदार दाबून दाखवतो, "बघा किती मऊ!" आणि आपल्याला वाटतं मऊ म्हणजे चांगलं. बाबांना मधला मार्ग लागेल : वरचा थर मऊ, त्याखाली टणक आधार, आणि पूर्ण पायाच्या आकाराला टेकणारा साचा. हे तयार विकत मिळत नाही, माप घेऊन करून घ्यावं लागतं.

---

माहेर_वाई | ४ जून, सकाळी ७:०५

निशिगंध, तो मोज्याचा प्रसंग वाचून पोटात कालवलं. तुम्ही दोष घेऊ नका. माझ्या सासूबाईंची चप्पल मंडईत पायातून निसटली आणि त्या तशाच घरापर्यंत चालत आल्या, दारात आल्यावर कळलं. मे महिना होता. तळव्याला भाजल्याचे फोड आले होते.

माझा एक प्रश्न आहे, पाऊलवाट. आपण बाहेर किती चालतो? सासूबाई दिवसातला तासभर बाहेर, बाकी तेवीस तास घरात अनवाणी. बुटात कितीही चांगलं इनसोल घातलं तरी ते दाराबाहेरच्या रॅकमध्येच पडून राहणार ना?

---

पाऊलवाट | ४ जून, दुपारी २:३०

माहेर_वाई, तुम्ही नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंत. हे मी पेशंटला पहिल्याच भेटीत सांगते. बाहेर आपण जपून चालतो, सोबत कोणी असतं. घरात, रात्री, घाईत, ओल्या फरशीवर अनवाणी चालणं जास्त धोक्याचं असतं. इनसोल करून घेणार असाल तर दोन जोड हवेत. एक बाहेरच्या बुटात, एक फक्त घरातल्या बंद सँडलमध्ये, जी कधीच उंबऱ्याबाहेर जाणार नाही. घरातल्या सपाता नकोत. सपाता पायाने धरून ठेवाव्या लागतात आणि बधिर पायाला ती पकड जमत नाही.

---

बाभूळवन | ४ जून, रात्री ८:५०

ताई, मी विदर्भातला. एका कुष्ठरोग दवाखान्याच्या चप्पल विभागात २६ वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. तुम्ही सगळे मधुमेहाबद्दल बोलताय, पण बधिर पायाला पायताण कसं करावं हे आपल्या देशात कुष्ठरोगानेच शिकवलं, म्हणून लिहावंसं वाटलं.

लोक कुष्ठरोगाला कातडीचा रोग समजतात. तो मुळात नसांचा रोग आहे. त्याचे जंतू हातापायाच्या नसांमध्ये घर करतात. घोट्याच्या आतल्या बाजूची नस गेली की तळवा बधिर. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस गेली की पाऊल खाली लोंबतं, चालताना बोटं घासतात. पूर्वी समज असा होता की बोटं आपोआप झडतात, मांसच सडतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६पासून काम केलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की तसं नाही. ज्याला दुखत नाही तो माणूस जखमेवरच चालत राहतो, आणि पाय त्या चालण्याने जातो. दुखरा पाय आपण आपसूक उचलून धरतो, लंगडतो. ज्याला दुखतच नाही तो लंगडणार कशाला?

त्यातून एमसीआर चप्पल आली. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, बारीक बंद बुडबुड्यांचं. आम्ही शोअर मापाने (रबराचा कडकपणा मोजायचं माप) १५ अंशाच्या आसपासचं वापरायचो. वरचा थर एमसीआर, खाली टणक सोल. खालचा टणक का, तर बाभळीचा काटा. आमच्याकडे शेतात चालणाऱ्याच्या चपलेत काटा आरपार घुसतो, आणि ज्याला कळत नाही तो तो काटा घेऊन चार दिवस फिरतो. चपलेत खिळा एकही मारायचा नाही, सगळं शिवून आणि चिकटवून. मागे पट्टा पाहिजेच. अंगठ्याच्या चपलेत दोन बोटांमध्ये घासतं, शिवाय ती निसटते.

एमसीआर चांगलं की नाही हे मी चिमटीत धरून बघायचो. अंगठा आणि तर्जनीत दाबलं की अर्धं चेपलं पाहिजे, सोडलं की लगेच फुगून वर आलं पाहिजे. चेपलेलंच राहिलं तर ते मेलेलं रबर. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्याची चप्पल वर्षभर पुरायची नाही. लोक वरून चांगली दिसते म्हणून वापरत राहायचे, आणि आतला थर चवड्याखाली पापडासारखा झालेला असायचा.

माप घेताना आमच्याकडे शाईची रबरी चटई होती. तिच्यावर कागद, कागदावर पाऊल. दाब जिथे जास्त तिथे ठसा काळा. त्या काळ्या जागेखालचं रबर आम्ही कोरायचो किंवा तिच्या मागे उंचवटा द्यायचो, म्हणजे वजन पुढच्या हाडावरून मागे सरकतं. हा उंचवटा एका बोटाने पुढे गेला तर तोच जखम करतो. म्हणून इनसोल दिल्यावर अर्ध्या तासाने चप्पल काढून तळवा बघायचा. लाल डाग वीस मिनिटांत गेला तर ठीक. राहिला तर चप्पल परत करा, पाय परत मिळत नाही, असं मी प्रत्येकाला सांगायचो.

बाबांचा फोड अंगठ्याच्या बुडाशी आला म्हणालात. पार्किन्सन्समध्ये चवडा घासून चालतात म्हणून तिथे दाब जास्त असणार. कारागिराला ती जागा मुद्दाम दाखवा, जुन्या बुटाचा आतला तळ घेऊन जा. जिथे झिजलंय तिथेच सगळं लिहिलेलं असतं.

---

निशिगंध | ४ जून, रात्री १०:२०

बाभूळवन काका, तुमचं लिहिणं वाचून मी लगेच बाबांचे जुने काळे बूट काढले. आतला तळ बाहेर ओढला. दोन्हीकडे अंगठ्याच्या बुडाशी गुळगुळीत खड्डा आहे आणि टाचेचा भाग जवळपास नवा. म्हणजे टाच टेकतच नव्हती. इतकी वर्षं हे बूट दारात होते.

---

सुमेधा_कल्याण | ५ जून, दुपारी ४:१०

माझा अनुभव लकव्याचा आहे, पण इनसोलशी संबंधित आहे म्हणून लिहिते.

आईला तीन वर्षांपूर्वी झटका आला, डावी बाजू गेली. हात फार आला नाही, पाय आला, पण पाऊल लोंबतं. मुंबईत हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा संस्थेत माप देऊन प्लॅस्टिकचा एएफओ करून घेतला. पोटरीपासून तळव्यापर्यंतचा तो पांढरा साचा. घरी आणला आणि बुटात जाईचना. आम्ही एक नंबर मोठा बूट घेतला. मग उजव्या पायात बूट ढिला. आई उजवा पाय ओढायला लागली, जो चांगला होता तो!

तिथल्याच एका तंत्रज्ञांनी साधी गोष्ट सांगितली. डाव्या बुटातलं कंपनीचं इनसोल काढून टाका, एएफओचा तळ तेवढी जागा घेतो. उजव्या बुटात ते राहू द्या आणि खाली आणखी एक पातळ थर घाला, म्हणजे ढिलेपणाही जाईल आणि दोन्ही पायांची उंची सारखी होईल. एवढ्या बदलाने तिची कंबर दुखायची थांबली. डाव्या बाजूला एएफओमुळे थोडी उंची वाढलेली असते हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

दुसरी अडचण साडीची. आई साडीवर बूट घालायला तयार नव्हती. "लग्नाला असं जाऊ?" असं म्हणून रडली होती. शेवटी मागे पट्टा असलेली, पुढून पूर्ण उघडणारी, वेलक्रोची सँडल शोधली आणि परकराची लांबी चार बोटं कमी केली. हे कोणी सांगत नाही म्हणून लिहिलं. बाईमाणसाच्या पायताणाचा प्रश्न साडीच्या काठाशी येऊन अडतो.

---

पाऊलवाट | ५ जून, संध्याकाळी ६:४५

सुमेधा, अगदी महत्त्वाचं लिहिलंत. लोंबत्या पावलाला नुसतं इनसोल काही करत नाही. तिथे एएफओ किंवा विजेच्या हलक्या झटक्याने पाऊल उचलणारं यंत्र लागतं. ते यंत्र १९६१ साली अमेरिकेत लिबरसन या डॉक्टरांनी मांडलं तेव्हा त्याचं बटण बुटात टाचेखाली होतं. टाच उचलली की झटका सुरू, टेकली की बंद.

---

चार्ल्सच्या_काठी | ६ जून, सकाळी ६:३०

मी बोस्टनला असतो, उपकरणांच्या क्षेत्रात इंजिनिअर आहे. माझ्या काकांना पार्किन्सन्स होता, त्यामुळे हा विषय मनाजवळचा आहे.

इथल्या बोस्टन विद्यापीठातल्या जेम्स कॉलिन्स यांच्या गटाने कंप देणारे इनसोल केले होते. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो लेख आला, वयस्कर लोकांच्या तोलावर. २००६ साली मधुमेही न्यूरोपथीचे १५ आणि लकव्याचे १५ पेशंट घेऊन पुढचा अभ्यास झाला. कल्पना सुंदर आहे. इनसोल इतकं हळू थरथरतं की माणसाला ते जाणवतच नाही, जाणवण्याच्या मर्यादेच्या किंचित खाली. दाराची वरची कडी काढायला दोन बोटं कमी पडतात आणि कोणीतरी पायाखाली पाट सरकवतं, तसं हे काम करतं. तळव्याची अशक्त खबर एकटी मेंदूपर्यंत पोचत नाही, पण या थरथरीच्या पाटावर चढून पोचते. दोन्ही अभ्यासांत उभं असताना शरीराचं डोलणं कमी झालं.

पण हे मोजमाप प्रयोगशाळेत, एका जागी उभं राहून झालेलं आहे. बाबा उंबऱ्यापाशी खिळतात त्याला याचा उपयोग होईल असं यावरून म्हणता येत नाही. आणि जिथे नस पूर्ण गेली आहे तिथे पाट सरकवून तरी काय होणार, कडीच नाही. ऑनलाइन "व्हायब्रेटिंग इनसोल" म्हणून मसाजची जी बॅटरीवाली खेळणी मिळतात त्यांचा या संशोधनाशी संबंध नाही. निशिगंध, कृपया त्याच्या वाटेला जाऊ नका.

---

चौथा_मजला | ६ जून, सकाळी १०:१५

मला स्वतःला पार्किन्सन्स आहे. वय ६४, पुणे. पायांबद्दल आतल्या बाजूने सांगतो.

पाय खिळतात तेव्हा दुखत नाही, भीती वाटत नाही, काहीच होत नाही. तेच भयंकर आहे. मी म्हणतो चल, आणि पाय ऐकतच नाहीत. वरचं अंग मात्र निघालेलं असतं, म्हणून पुढे तोल जातो. अशा वेळी मागून कोणी "चला चला" म्हटलं तर आणखी घट्ट होतं. निशिगंध, घरच्या सगळ्यांना हे सांगा. बाबा उंबऱ्यावर थांबले की गप्प उभं राहायचं, मग शांतपणे "एक, दोन" म्हणायचं.

बुटाबद्दल एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. पडायला नको म्हणून घट्ट पकडीचा रबरी सोल घेतला. आमची पावलं घासत जातात, तो सोल फरशीला पकडून बसला आणि मी दिवाणखान्यात तोंडावर आपटलो. घसरणारा नको, पण चिकटणाराही नको. पुढचा भाग थोडा वर उचललेला असेल तर बरं.

उंबऱ्यापाशी रंगीत टेप लावा, फरशीच्या रंगाहून वेगळी, पावलाएवढ्या अंतराने आडव्या पट्ट्या. पुण्याच्याच मिलेहा सोनेजी या डिझायनर मुलीने हे पुढे नेलंय. तिच्या काकांना पार्किन्सन्स होता. सपाट जमिनीवर अडणारा माणूस जिना मात्र सहज उतरतो हे तिच्या लक्षात आलं, म्हणून तिने जमिनीवर जिन्याच्या पायऱ्यांचं चित्र चिकटवून बघितलं, आणि काका चालले. ते मी पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आलं, कारण मीही जिना झपझप उतरतो आणि घरातले म्हणतात, "मग इथेच काय होतं तुम्हाला?"

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. चिंचवडहून वगैरे लोक येतात. बाबांना घेऊन या. असं चालणारं आपण एकटेच नाही, हे बघूनही पाय मोकळे होतात.

आणि इनसोल बदलून फरक पडला का हे बघायचं तर गोळीच्या वेळा सारख्या ठेवा. गोळी लागू असताना मी वेगळा माणूस असतो, उतरल्यावर वेगळा.

---

रानजाई | ६ जून, रात्री ९:००

शार्को-मारी-टूथ, हातापायाच्या नसांचा आनुवंशिक आजार. १८८६ साली ज्या तीन डॉक्टरांनी हा आजार वर्णिला त्यांची नावं. आमच्या घरात तीन पिढ्या आहे, मला आहे, मुलाला आहे. पावलाची कमान खूप उंच, टाच आत वळलेली, घोटा सारखा बाहेर मुरगळतो. आम्हाला कमानीखाली आधार देणारं बाजारचं इनसोल उलट वाईट, ते पाऊल आणखी बाहेर ढकलतं. मला टाचेच्या बाहेरच्या कडेला चार मिलिमीटरची पाचर दिली आहे. तेवढ्याने घोटा मुरगळायचा जवळजवळ थांबला. तळवा बघितल्याशिवाय "आर्च सपोर्ट" विकणाऱ्यांचा मला फार राग येतो.

---

निशिगंध | २१ ऑगस्ट, रात्री ८:३०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. अडीच महिन्यांनी सविस्तर लिहिते.

जखम पूर्ण भरल्यावर एका ऑर्थोटिस्टकडे (माप घेऊन इनसोल, साचे करून देणारे तज्ज्ञ) गेलो. बाभूळवन काकांनी सांगितलं तसं जुन्या बुटाचे तळ घेऊन गेले. त्यांनी ते दोन मिनिटं उलटसुलट करून बघितले आणि मग बाबांच्या पायाला हात लावला. फोमच्या खोक्यात पाऊल दाबून ठसा घेतला. इनसोल तीन थरांचं आहे. वर मऊ, मध्ये जरा घट्ट, खाली टणक. अंगठ्याच्या बुडाखालची जागा कोरून मऊ भरली आहे. बूट जास्त खोलीचा, टाचेचा कप टणक, सोल पातळ आणि पुढून उचललेला. इनसोलचे दोन जोड केले, जोडीला ४२०० रुपये पडले, बूट आणि सँडल वेगळे.

घरातल्या सँडलवरून आईशी आठवडाभर चाललं. घरात पायताण, तेही स्वयंपाकघरात, हे तिला पटेना. मी तिला तो रक्ताचा मोजा दाखवला, मी धुवून ठेवला होता. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी देवघरापाशी एक खुर्ची आणून ठेवली. आता बाबा खुर्चीवर बसतात, आई सँडल काढते, पूजा झाली की घालते.

पाऊलवाट ताईंनी व्यक्तिगत निरोपात एक चाचणी सांगितली होती. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, आणि घड्याळ लावायचं. दर रविवारी सकाळी, गोळीनंतर एका तासाने करतो. पहिल्या रविवारी बाबांना २६ सेकंद लागले. परवा २०. हे इनसोलचं श्रेय आहे असं मी म्हणणार नाही. मधल्या काळात फिजिओ सुरू झाली, डॉक्टरांनी एका गोळीची वेळ बदलली, उंबऱ्यापाशी पिवळ्या टेपच्या चार पट्ट्या लागल्या. उंबरा सुटला तो पट्ट्यांनी, हे मला स्वच्छ दिसतं. पहिल्या दिवशी बाबा तिथे आले, थांबले, खाली बघितलं, आणि पहिल्या पिवळ्या पट्टीवरून पाय उचलून पलीकडे ठेवला. आई ओट्याशी होती, तिने गॅस बंद केला आणि बघतच राहिली.

इनसोलने काय केलं, तर अडीच महिन्यांत एकही फोड नाही. रोज रात्री मी आरसा धरते आणि दोघं मिळून तळवे बघतो. डाव्या चवड्यावर एकदा लाल डाग राहिला होता, लगेच जाऊन कडा घासून आणली. एकदा पडता पडता वाचले, पडले नाहीत. टाच अजूनही पूर्ण टेकत नाही.

---

माहेर_वाई | २२ ऑगस्ट, सकाळी ६:५०

निशिगंध, किती बरं वाटलं वाचून. सासूबाईंचं माप पुढच्या आठवड्यात आहे. बूट घालण्याआधी रोज काही करता का? त्यांना शिकवायचं आहे.

---

निशिगंध | २२ ऑगस्ट, सकाळी ८:१५

हो. बूट उलटा करून झटकायचा, मग हात पूर्ण आत घालून बोटांनी पुढच्या टोकापर्यंत चाचपायचं. तळ, बाजू, शिवण सगळं. बाबांच्या बोटांना अजून चांगलं कळतं, म्हणून ते स्वतःच करतात. गेल्या मंगळवारी उजव्या बुटातून चिंचोका निघाला, नातू खेळताना टाकून गेला असणार. बाबांनी तो मला आणून दाखवला आणि मग खुर्चीत बसून दोन्ही बुटांचे वेलक्रो लावले.